मिठाला पाणी सुटतं, तेव्हा आउटबोर्डच्या पोटात काय होतं?

‘ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे, त्याला कसला गंज?’ मालवण-देवबागच्या किनाऱ्यावर आउटबोर्ड मशीन, म्हणजे होडीच्या मागे टांगलेलं इंजिन, धुवायचा कंटाळा आला की हे ऐकू येतं. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं धातूचं मुख्य धड. अर्धं खरं आहे. ॲल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज लागत नाही. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि खालचा धातू झाकला जातो. पण या थराचं क्लोराइडशी हाडवैर. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांत वजनाने निम्म्याहून जास्त वाटा क्लोराइडचा.

आउटबोर्डला गाडीसारखा रेडिएटर नसतो. पाण्यात बुडालेल्या पायातला रबरी इम्पेलर, म्हणजे पंपाचं पात्यांचं चाक, समुद्राचंच पाणी वर चढवतो, ते ब्लॉकभोवती फिरून बाहेर पडतं. खोड सुरू होते ती मशीन बंद केल्यावर. पंप थांबतो, ब्लॉक मात्र तापलेलाच असतो. कोनाकोपऱ्यांत राहिलेलं पाणी आटतं आणि मीठ मागे उरतं. अर्धा लिटर पाणी अडकलं तरी सतरा-अठरा ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन चमचे.

मग सुकली ना मशीन? नाही. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, ते हवेतून आलेलं असतं. सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतली वाफ ओढून त्यातच विरघळतं. समुद्राच्या क्षारांत मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. त्याला ३३ टक्केही पुरतात आणि कोकणातली हवा इतकी कोरडी क्वचितच होते. म्हणजे बंद मशीनच्या आत महिनोन्‌महिने दाट खाऱ्या पाण्याचा पातळ लेप बसलेला असतो, वर भरपूर ऑक्सिजन.

या लेपाखाली ऑक्साइडचा थर एखाद्या ठिकाणी फुटतो. तिथून ॲल्युमिनियमचे धन आयन सुटतात, पाण्याशी त्यांची अभिक्रिया होते आणि आम्ल तयार होतं. आत धन प्रभार साचला की तो फेडायला बाहेरून ऋण क्लोराइड आयन आत खेचले जातात. आम्ल आणि क्लोराइड एकत्र आल्यावर तिथे नवा थर धरत नाही, म्हणून धातू आणखी विरघळतो, आणखी आम्ल होतं. खड्ड्याच्या तोंडाशी हायड्रॉक्साइडचा पांढरा लगदा बसतो आणि आतलं आम्ल आतच कोंडतं. बाकीचा शाबूत पृष्ठभाग कॅथोडचं (जिथे ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो त्या बाजूचं) काम करतो, त्यामुळे सगळा मारा त्या टिकलीएवढ्या जागेवर. थर्मोस्टॅटचं (ब्लॉक तापल्यावर पाण्याला वाट देणाऱ्या झडपेचं) झाकण उघडल्यावर दिसणारी पांढरी पूड ती हीच. पायाला लावलेला ॲनोड, म्हणजे स्वतः झिजून दुसऱ्या धातूला वाचवणारा तुकडा, इथे कामाचा नाही. तो फक्त त्याच पाण्यात बुडालेल्या धातूला वाचवतो. ब्लॉकमध्ये छोटे वेगळे ॲनोड असतील तर ते काढून बघा, आणि ॲनोडला रंग कधीही फासू नका.

मीठ घालवायला गोडं पाणी पुरतं. लिटरभर पाण्यात साडेतीनशे ग्रॅमहून जास्त मीठ विरघळतं, त्यासाठी महागड्या बाटलीतलं ‘सॉल्ट रिमूव्हर’ लागत नाही. प्रश्न पाणी पोचण्याचा आहे. थर्मोस्टॅट मॉडेलनुसार साधारण ५० ते ६५ अंश सेल्सिअसला उघडतो. इअरमफ (पाणी ओढणाऱ्या जाळ्यांवर बसवायच्या, नळीला जोडलेल्या रबरी वाट्या) लावून दोन मिनिटांत मशीन बंद केलीत, तर ब्लॉकमध्ये नवं पाणी जेमतेम शिरतं. मागची बारीक धार जोरात पडतेय म्हणून फसू नका. बऱ्याच मॉडेलमध्ये ती थर्मोस्टॅटच्या अलीकडूनच येते, ती फक्त पंप चालू असल्याचं सांगते.

म्हणून आधी पंखा काढा, मफ जाळ्यांवर घट्ट बसवा, नळ सोडा आणि मगच न्यूट्रलमध्ये मशीन चालू करा. आयडलवर दहा-पंधरा मिनिटं. इम्पेलरला पाणी हेच वंगण, त्यामुळे कोरडी मशीन काही सेकंदही फिरवू नका. नळाला जोर नसेल तर मशीनचा पाय गोड्या पाण्याच्या २०० लिटरच्या पिंपात बुडवलेला बरा. पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्या वर हवं. मशीनमधून लिटरभर खारं पाणी पिंपात उतरलं तरी लिटरमागे पावणेदोनशे मिलिग्रॅम क्षारच वाढतात, तेवढं चालतं. पण त्याच पाण्यात आठवडाभर चार मशीन धुतल्या, तर तुम्ही मशीन पुन्हा खारवताय. फ्लशिंगचं (आत पाणी सोडून धुवायचं) तोंड वेगळं असेल, तर बऱ्याच मॉडेलमध्ये तिथे पाइप जोडताना मशीन बंदच ठेवायची असते. तिथलं पाणी इम्पेलरपर्यंत पुरेसं पोचेलच असं नाही. पुस्तिका बघा.

मिठाबरोबर चुनाही बसतो, आणि तो पाण्याने जात नाही. कॅल्शियम कार्बोनेटची तऱ्हा उलटी: पाणी तापेल तशी त्याची विद्राव्यता घटते, म्हणून सर्वांत गरम जागी तो आधी धरतो. मशीनच्या टोपणाला टांगलेलं लिंबू-मिरची यावर काही करत नाही. गंमत म्हणजे त्याच लिंबातलं सायट्रिक आम्ल हा चुना खरोखर विरघळवतं, पण त्यासाठी ते आत जावं लागतं; आणि ॲल्युमिनियमला आम्ल सोसत नसल्याने सौम्य द्रावण, थोडा वेळ, नंतर भरपूर पाणी.

धुऊन झाल्यावर मशीन उभी ठेवा. तिरकी उचलून ठेवली तर खोबणींत पाणी राहतं. १ जूनच्या मासेमारी बंदीआधीची शेवटची फेरी असेल तर ही धुलाई त्याच संध्याकाळी करा, थर्मोस्टॅट काढून गरम पाण्याच्या पातेल्यात थर्मामीटर लावून कितीला उघडतो ते पाहा, आणि हंगाम सुरू होताना इम्पेलर नवा टाका. पाती एका बाजूला वाकून कायमची तशीच राहिली असतील, तर तो बाद.