क्रॉयडनची विहीर

लंडनच्या दक्षिणेला लागून असलेलं क्रॉयडन दोन महायुद्धांच्या मधल्या काळात सव्वादोन लाखांहून अधिक वस्तीचं शहर होतं. लंडनचा मुख्य विमानतळ तिथे होता आणि नगरपालिकेची स्वतःची पाणीयोजना होती. अशा शहरात 1937 च्या शरदात टायफॉइडची, म्हणजे आपल्याकडच्या मुदतीच्या तापाची, साथ आली. 341 जण आजारी पडले, 43 दगावले. आठांमागे एकाहून जास्तच. टायफॉइडवर चालणारं प्रतिजैविक यायला अजून दहाएक वर्षं होती, त्यामुळे शुश्रूषा करणं आणि ताप उतरायची वाट पाहणं एवढंच हाती होतं.

साथ शोधायची व्यवस्था मात्र जुनी आणि चांगली होती. 1889 च्या कायद्यानुसार ठरावीक संसर्गजन्य रोगांचा रुग्ण आढळला की डॉक्टरने शहराच्या आरोग्य अधिकाऱ्याला लेखी कळवायचं. 1899 पासून हे देशभर सक्तीचं झालं. खासगी रुग्णामागे डॉक्टरला अडीच शिलिंग मिळत. चिठ्ठी आली की निरीक्षक त्या घरी जाऊन विचारपूस करी: दूध कुणाकडून घेता, बाहेर काय खाल्लंत, पाणी कुठलं? घटसर्प, स्कार्लेट फीव्हर, टायफॉइड अशा कितीतरी रोगांची शहराची नोंदवही या चिठ्ठ्यांवरच भरत असे.

टायफॉइडमध्ये ही पद्धत फार अवघड परीक्षा देते. जंतू पोटात गेल्यापासून ताप चढेपर्यंत साधारण एक ते तीन आठवडे जातात. ताप आला तरी पहिले काही दिवस तो फ्लूसारखाच वाटतो. मग रक्ततपासणी, मग चिठ्ठी. म्हणजे अधिकाऱ्याच्या टेबलावर आजची साथ कधीच नसते. तिथे असतं काही आठवड्यांपूर्वी प्यायलेलं पाणी. माग काढणारा कितीही चपळ असला तरी हे अंतर त्याला तोडता येत नाही, आणि तेवढ्या काळात माणसं तेच पाणी पीत राहतात.

क्रॉयडनमध्ये रुग्णांचे पत्ते पाहता ते शहरभर विखुरलेले नव्हते. बहुतेक घरं ॲडिंग्टनच्या विहिरीचं पाणी जिथे जाई त्या भागातली होती. नोव्हेंबरच्या सुरुवातीला विहीर बंद केली गेली.

पुढे सरकारी चौकशीत सगळं उलगडलं. चुनखडीच्या खडकातल्या या खोल विहिरीत दुरुस्तीचं काम चालू होतं आणि कामगार आत उतरत होते. त्यांतला एक जण टायफॉइडचा वाहक निघाला. असा माणूस स्वतः ठणठणीत असतो, पण त्याच्या पित्ताशयात जंतू वर्षानुवर्षं टिकून राहतात आणि विष्ठेवाटे बाहेर पडत राहतात. त्याला दोष देता येत नाही. आपल्या अंगात काय आहे हे त्याला कुठून कळणार? खरी चूक दुसरीच होती. काम चालू असताना पाणी गाळण्याची आणि त्यात क्लोरीन घालण्याची व्यवस्था बाजूला ठेवली गेली होती, तरी विहिरीचं पाणी नळांना जात राहिलं.

चौकशी अहवालाने जबाबदार अधिकाऱ्यांमधला गैरसमज आणि एकमेकांना न कळवणं यावर बोट ठेवलं. ते वाचून मी फार अस्वस्थ होतो. आजारी माणसाची बातमी दारोदारहून आरोग्य खात्यापर्यंत नेण्यासाठी कायदा होता, शुल्क होतं, छापील नमुने होते. पण विहिरीत माणसं उतरली आहेत आणि क्लोरीन बंद आहे, ही बातमी एकाच नगरपालिकेच्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नेण्यासाठी काहीच नव्हतं. रुग्णांचा माग उत्तम लागला, पाण्याचा कुणी ठेवलाच नव्हता.

क्रॉयडननंतर ब्रिटनमध्ये सार्वजनिक पाण्यात सतत क्लोरीन घालणं रूढ झालं. पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापाशी काम करणाऱ्याला आजही तिथे आधी विचारलं जातं: तुम्हाला कधी टायफॉइड झाला होता का?