सांगायचं केव्हा, कुणाला आणि किती

ब्रिटनमध्ये भाजून रुग्णालयात दाखल झालेल्या १३३ जणांवर झालेली एक चाचणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. रुग्णांचे यदृच्छेने दोन गट पाडले होते. एका गटातल्या लोकांशी, अपघाताला फार दिवस झाले नसतानाच, प्रशिक्षित व्यक्तीने बसून सविस्तर बोलणं केलं. काय घडलं, त्या वेळी मनात काय आलं, आता डोळ्यांसमोर काय येतं, हे सगळं त्यांना एका बैठकीत सांगायला लावलं. दुसऱ्या गटाशी असं बोलणं झालं नाही. १३ महिन्यांनी तपासणी केली तेव्हा बोलतं केलेल्या गटात २६ टक्के लोकांना आघातोत्तर ताणविकार, म्हणजे पीटीएसडी, झालेला आढळला. दुसऱ्या गटात हे प्रमाण होतं ९ टक्के.

हा सगळा फरक बोलण्यामुळेच पडला असं म्हणता येत नाही. पहिल्या गटातल्या लोकांच्या जखमा मुळातच जास्त गंभीर निघाल्या होत्या आणि संशोधकांनी ते स्वतःच नोंदवलं आहे. पण फायदा झाल्याचा मागमूसही नव्हता. पुढे २००० साली रस्ते अपघातातल्या जखमींच्या एका चाचणीचे तीन वर्षांनंतरचे निकाल आले. सुरुवातीला ज्यांना सर्वाधिक त्रास होत होता, त्यांच्यापैकी बोलतं केलेले लोक त्याच त्रासात अडकून राहिले होते. तितकाच त्रास असलेले पण कुणी बोलतं न केलेले बरेच सावरले होते. अशा चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतल्यावर निष्कर्ष स्पष्ट झाला: आघातानंतर लगेच एकाच बैठकीत सगळं वदवून घेतल्याने पीटीएसडी टळत नाही. जागतिक आरोग्य संघटना आता ही पद्धत वापरू नका असं सांगते. कोणते उपचार वापरावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही तेच आहे.

ही पद्धत वाईट हेतूने आली नव्हती. जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये तिचा आराखडा मांडला तो अग्निशमन दल आणि रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या लोकांसाठी, जे रोज भयंकर गोष्टी बघून घरी जातात. त्यामागची कल्पना मात्र फार जुनी आहे. दुःख आत साचतं, बांध फुटून ते वाहून गेलं की माणूस मोकळा होतो, असं आपण सगळेच धरून चालतो. १८९५ मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनीही साधारण असंच चित्र रंगवलं होतं. माझ्या मते मानसिक आघाताविषयीच्या आपल्या बहुतेक चुकीच्या सल्ल्यांचं मूळ या चित्रात आहे. बोलण्याने माणसं बरी होतात हे खरं आहे, आणि त्याचे भक्कम पुरावे आहेत. पण बाहेर काहीतरी पडतं म्हणून ती बरी होत नाहीत. बोलताना काय घडतं ते वेगळंच आहे, आणि ते घडण्यासाठी सांगण्याचा ताबा सांगणाऱ्याकडे असावा लागतो.

आधी एक दिलासा देणारी गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे ७० टक्के लोकांवर आयुष्यात कधी ना कधी आघात ठरू शकेल असा प्रसंग येतो. त्यांच्यापैकी पीटीएसडी होतो तो सुमारे ५.६ टक्के लोकांना. पहिल्या काही आठवड्यांत झोप उडणं, जरा आवाज झाला तरी दचकणं, तेच दृश्य पुन्हा पुन्हा दिसणं हे जवळपास सगळ्यांना होतं आणि बहुतेकांचं ते हळूहळू ओसरतं. म्हणूनच पीटीएसडीचं निदान करायला लक्षणं महिन्याहून जास्त टिकलेली असावी लागतात. न्यूयॉर्कमधल्या ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेतल्या दोन हजारांहून जास्त लोकांना, मनात काय चाललंय ते लिहायचं असेल तर लिहा, अशी मुभा दिली होती. काहींनी लिहिलं, काहींनी लिहिलं नाही. पुढच्या दोन वर्षांत न लिहिणाऱ्यांची प्रकृती लिहिणाऱ्यांपेक्षा वाईट होईल अशी बऱ्याच जणांची अटकळ असते. प्रत्यक्षात ती उलट थोडी चांगली राहिली. गप्प राहणारा माणूस आतून कुढतोय असं गृहीत धरणं किती धोक्याचं आहे, हे यातून कळतं.

मग ज्यांचा त्रास ओसरत नाही, त्यांच्या मेंदूत काय अडतं? जिवावर बेततं तेव्हा अमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग धोक्याची खूण पक्की करतो. ॲड्रेनालिनसारखी संप्रेरकं ती स्मृती आणखी घट्ट करतात. घटना कधी, कुठे, कशानंतर घडली हा संदर्भ जोडण्याचं काम मुख्यतः हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्याच दुसऱ्या भागाचं असतं. प्रचंड ताणात ही जोडणी अपुरी राहते, असं बरेच संशोधक मानतात, जरी तिच्या तपशिलांवर अजून वाद चालू आहे. परिणाम मात्र रुग्ण नेहमी सांगतात तोच असतो. आठवण ‘तेव्हा झालं होतं’ अशी न येता ‘आत्ता होतंय’ अशी येते. पेट्रोलचा वास आला की अंगाला घाम फुटतो, आणि तो वास कशाशी जोडलेला आहे हे नंतर लक्षात येतं.

१९९६ मध्ये पीटीएसडीच्या आठ रुग्णांना त्यांच्याच प्रसंगाचं ध्वनिमुद्रित वर्णन ऐकवून, मेंदूचा कोणता भाग किती काम करतोय हे दाखवणारे पेट स्कॅन केले गेले. भावनांशी निगडित भाग जास्त सक्रिय झाले, आणि डाव्या बाजूचा, भाषा घडवणारा ब्रोका भाग मंदावला. अभ्यास लहान होता, त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण ‘सांगायला गेलं की शब्दच फुटत नाहीत’ असं म्हणणाऱ्या माणसाला हट्टी किंवा खोटारडा ठरवण्याआधी हा अभ्यास आठवावा.

आता उपचाराकडे येऊ. इथे गंमत अशी की परिणामकारक ठरलेल्या बहुतेक उपचारांत तीच घटना पुन्हा सांगितली जाते. एडना फोआ यांनी विकसित केलेल्या पद्धतीत साधारण ८ ते १५ बैठका होतात, प्रत्येकी सुमारे दीड तासाची. पहिल्या बैठकांमध्ये आपल्याला काय होतंय आणि का होतंय हे समजावून दिलं जातं, श्वासाचा एक साधा व्यायाम शिकवला जातो. त्यानंतर रुग्ण डोळे मिटून प्रसंग वर्तमानकाळात सांगतो. समजा कुणाचा अपघात झाला होता, तर ‘मी गाडीत बसलोय, उजवीकडून दिवे येतायत, ब्रेक दाबतोय’ असं. मध्येमध्ये थेरपिस्ट एकच प्रश्न विचारतो: शून्य ते शंभरमध्ये आत्ता त्रास किती? आकडा ८५ आहे, ९० आहे. सांगून संपलं की पुन्हा सुरुवातीपासून. त्याच बैठकीत तीन-तीन, चार-चार वेळा. सगळं ध्वनिमुद्रित होतं आणि रुग्ण ते घरी रोज ऐकतो. काही आठवड्यांत तोच प्रसंग सांगताना आकडा ४० वर, ३० वर येतो. प्रसंग तोच असतो. मेंदूने दरम्यान नवीन काही शिकलेलं असतं: ही आठवण भयानक आहे, पण ती आठवण आहे, ती माझा जीव घेत नाही.

अँके एहलर्स आणि डेव्हिड क्लार्क यांच्या पद्धतीतला एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. ते प्रसंगातला सगळ्यात जीवघेणा क्षण शोधतात. त्या क्षणी माणसाच्या मनात बहुधा एखादं वाक्य असतं. ‘संपलं, आता मुलांना पुन्हा दिसणार नाही.’ घटनेला पाच वर्षं झाली, मुलं शेजारच्या खोलीत झोपली आहेत, तरी आठवणीत ते वाक्य तसंच गोठलेलं असतं. त्याला खोडणारी माहिती त्या क्षणापर्यंत पोचलेलीच नसते. थेरपिस्ट रुग्णाला त्या क्षणापर्यंत नेतो आणि तिथेच म्हणायला लावतो: ‘मी वाचलो. मुलं माझ्याबरोबर आहेत.’ कधी मुलांचा आजचा फोटो हातात देतो. अशा तऱ्हेने आठवणीत भर पडते. त्यातून काहीच बाहेर फेकलं जात नाही.

भाजलेल्यांच्या त्या बैठकीत आणि या उपचारात फरक काय, हे आता दिसतं. तिथे वेळ दुसऱ्याने ठरवली होती, माणूस अजून वेदनेत होता, एकदाच उघडून मिटवलं होतं. इथे सुरक्षितता आधी येते, पुन्हा पुन्हा भेट होते, आणि नको म्हणण्याचा अधिकार रुग्णाकडे राहतो. तरीही हे उपचार अनेकांना झेपत नाहीत, हे मान्य केलं पाहिजे. २०१८ च्या एका चाचणीत १२ बैठकांच्या एका प्रस्थापित थेरपीतून सुमारे ४० टक्के लोक मध्येच बाहेर पडले. तिच्याशी तुलना होती ती पाच बैठकांच्या उपचाराची, ज्यात रुग्ण प्रत्येक वेळी अर्धा तास बसून प्रसंग हाताने लिहितो. तो सोडणारे सुमारे ६ टक्के होते, आणि गुण बारा बैठकांच्या उपचाराहून कमी आला नाही. काहींना समोरच्याच्या डोळ्यांत बघून सांगण्यापेक्षा कागद सोपा जातो.

भावनेला नाव देण्याचाही परिणाम मोजता येतो. २००७ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना संतापलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. दिसणाऱ्या भावनेला शब्द निवडला की अमिग्डालाची हालचाल कमी झाली आणि कपाळामागच्या भागाची वाढली. २०१२ मध्ये याच विद्यापीठात कोळ्याला घाबरणाऱ्या ८८ जणांना एका मोठ्या, जिवंत कोळ्यासमोर आणलं गेलं. काहींनी स्वतःची भीती थेट शब्दांत मांडली: हा किळसवाणा कोळी माझ्या अंगावर येईल असं वाटतंय. काहींनी स्वतःची समजूत घातली, की यात घाबरण्यासारखं काही नाही. आठवड्याने पुन्हा कोळी समोर आला तेव्हा भीती स्पष्ट बोलून दाखवणाऱ्यांच्या हातांना इतरांपेक्षा कमी घाम सुटत होता. तोंडाने विचारलं तर मात्र इतरांइतकीच भीती वाटत असल्याचं ते सांगत होते. शरीर आधी शांत झालं होतं. तेव्हा घाबरलेल्या माणसाला ‘घाबरू नकोस’ म्हणण्यापेक्षा ‘कशाची भीती वाटतेय?’ हा प्रश्न जास्त उपयोगी आहे.

ऐकणाऱ्याचं वजन यात किती आहे? २००० साली ७७ अभ्यास एकत्र करून पीटीएसडीचा धोका कशाने वाढतो ते पाहिलं गेलं. बालपण, शिक्षण, आधीचा आजार यांच्यापेक्षा घटनेनंतर आधार न मिळणं हे कारण जास्त ठळक निघालं. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रियांच्या अभ्यासांतही तेच वारंवार दिसतं. सांगितल्यावर दोष, अविश्वास किंवा ‘विसरून जा आता’ वाट्याला आलं, त्यांची लक्षणं जास्त तीव्र असतात. ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ हे वाक्य विचारणाऱ्याच्या लेखी निव्वळ चौकशी असते. ऐकणारी मात्र तोच प्रश्न स्वतःला शंभरदा विचारून थकलेली असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची एक पुस्तिका काढली. पाहा, ऐका, जोडून द्या, एवढंच तिचं सूत्र आहे. माणूस सुरक्षित आहे का, त्याला पाणी, पांघरूण, घरच्यांना फोन यांपैकी काय हवंय ते पाहायचं. बोलला तर ऐकायचं. तपशील काढून घ्यायचे नाहीत. मग पुढची मदत जिथे मिळेल तिथे जोडून द्यायचं. हे वाचून वाटतं की हे काय, एवढं तर कुणीही करेल. प्रत्यक्षात गप्प बसणं आपल्याला फार जड जातं.

एका ठिकाणी मात्र गप्प बसू नये. समोरचा जगण्याला कंटाळल्यासारखं बोलत असेल, तर ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ असं सरळ विचारावं. विचारल्याने डोक्यात नसलेलं भरवलं जाईल ही भीती तपासून झाली आहे. २००५ मध्ये २,३४२ शाळकरी मुलांच्या अमेरिकेतल्या चाचणीत आत्महत्येविषयी प्रश्न विचारलेल्या मुलांचा त्रास किंवा तसे विचार न विचारलेल्या मुलांपेक्षा वाढले नाहीत. उत्तर ‘हो’ आलं तर त्या व्यक्तीला एकटं सोडू नये आणि लगेच तज्ज्ञांची मदत घ्यावी.

बरं होणं म्हणजे लक्षणं शून्य होणं, ही व्याख्या डॉक्टरांची. मानसिक आजारातून माणसं कशी सावरतात यावरच्या अभ्यासांचा २०११ मध्ये मोठा आढावा घेतला गेला, तेव्हा पाच गोष्टी पुन्हा पुन्हा समोर आल्या: माणसांशी नातं, उद्याची आशा, आजारापलीकडची ओळख, जगण्यात अर्थ, आणि स्वतःचे निर्णय स्वतः घेणं. रात्री अधूनमधून वाईट स्वप्नं पडतात, तरी कामावर जाते, मैत्रिणींत बसते, हसते, अशी स्त्री या मापाने सावरलेली असते.

आणि तिने कुणालाच काही सांगितलं नसेल तर? इथे टाळणं आणि खासगी ठेवणं यांतला फरक ओळखावा लागतो. थेरपिस्ट त्यासाठी न बोललेल्या गोष्टीपेक्षा बदललेल्या दिनक्रमाकडे पाहतात. कामाला जायचा रस्ता बदललाय का? बातम्या लागल्या की उठून जावं लागतं का? आठवण येऊ नये म्हणून रात्री जागं राहणं किंवा दारू, गोळ्या सुरू झाल्यात का? आठवण आलीच तर ती थोडा वेळ मनात राहू शकते, की लगेच पळावं लागतं? जी राहू देऊ शकते आणि तरी सांगत नाही, तिला सांगायला लावण्याचं कारण नाही. ज्याचं जग महिना उलटून गेल्यावरही असं आक्रसत चाललंय, त्याने आघातावर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाला किंवा मानसशास्त्रज्ञाला भेटावं. पहिल्याच भेटीत सगळं सांगण्याची गरज नसते. ‘झोप लागत नाही आणि मी त्या रस्त्याने जात नाही’ एवढ्यावरूनही काम सुरू होतं.