शेवटच्या वर्षाचं मॉडेल म्हणजे डोळे मिटून घ्यावी अशी गाडी?

‘सेकंडहँड स्पोर्ट्स कार घ्यायची तर मॉडेल बनवणं बंद होण्याआधीच्या शेवटच्या वर्षाचीच’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात तथ्य आहे. सुरुवातीच्या खोड्या कंपनी पुढे सुधारते. पण पहिल्या गाड्यांतले काही दोष रिकॉलमध्ये, म्हणजे कंपनी गाड्या परत बोलावते तेव्हा, फुकट दुरुस्त होतात. ते झालेत का, हे चॅसी नंबरवरून विचारता येतं. शिवाय मध्येच इंजिन बदललं, तर नव्या खोड्या येऊ शकतात.

मी तर आधी सर्व्हिसची बिलं मागतो. बिलं नसतील तर वर्ष कुठलंही असो, सावध राहतो. मग टायरच्या कडेवरचे चार अंक बघावेत: 2319 म्हणजे टायर 2019 च्या 23 व्या आठवड्यात बनलाय. मीटरवर किलोमीटर कमी दिसले, तरी उभ्या गाडीचंही रबर कडक होतंच.