आधी कोणती पिन टेकते?

माझ्या टेबलाच्या खणात जुन्या लॅपटॉपचं, फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणारं एक मोडेम कार्ड आहे. लांबी-रुंदी एटीएम कार्डाएवढी, जाडी ५ मिलिमीटर, वरून चकचकीत पत्रा. एका अरुंद कडेला दोन ओळींत बारीक भोकं आहेत, एकूण ६८. लॅपटॉपच्या कडेला असलेल्या खाचेत ते सरकवायचं, शेवटी किंचित जोर लावायचा, की ‘टक्’ करून बसायचं. संगणक चालू असतानाच! त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. टेबलावरच्या मोठ्या संगणकात कार्ड बसवायचं तर आधी तो बंद करा, वायर काढा, स्क्रू खोला, एवढं सगळं करावं लागे.

ही खाच मुळात मेमरीसाठी होती. १९८९ मध्ये अमेरिकेत काही कंपन्यांनी मिळून पीसीएमसीआयए नावाची संघटना काढली आणि १९९० मध्ये पहिलं मानक आलं. ते फक्त मेमरी कार्डांचं होतं. पुढच्याच वर्षी त्यात मोडेम आणि नेटवर्क कार्डांची सोय झाली, आणि लॅपटॉपला बाहेरून नवे अवयव जोडता येऊ लागले. पुढे या कार्डांना सुटसुटीत नाव मिळालं, पीसी कार्ड.

पण चालू यंत्रात कार्ड खुपसलं तर ते जळत का नाही? चिपला वीज मिळायच्या आधीच तिच्या सिग्नलच्या तारांवर व्होल्टेज आलं, तर प्रवाह भलत्या वाटेने आत शिरतो आणि चिप कायमची निकामी होऊ शकते. म्हणजे कोण आधी टेकतं, हे नशिबावर सोडून चालणार नाही.

उत्तर खाचेच्या आत आहे. विजेरी घेऊन एखाद्या जुन्या लॅपटॉपच्या खाचेत तिरकं पाहिलं, तर पिना एका उंचीच्या नाहीत हे दिसतं. विजेच्या आणि ग्राउंडच्या (वीज परत जाण्याच्या) पिना सर्वांत लांब. सिग्नलच्या त्याहून जरा आखूड. आणि सर्वांत आखूड फक्त दोन, खाचेच्या दोन टोकांजवळ एकेक. त्यांचं काम एकच, कार्ड आलंय हे सांगणं. कार्ड तिरकं गेलं तर एकीलाच स्पर्श होतो आणि संगणक थांबून राहतो. दोन्ही टेकल्या की मगच कार्ड नीट बसलं असं तो मानतो. काढताना क्रम उलटा होतो. या दोन पिना सर्वांत आधी सुटतात, त्यामुळे बाकीच्या तारा तुटण्याआधीच कार्ड निघतंय हे संगणकाला कळतं. ना जादा चिप, ना प्रोग्राम, फक्त धातूच्या लांबीतला जेमतेम फरक. मला यातलं सौंदर्य आजही थक्क करतं.

कार्ड बसलं, पण ते आहे कशाचं? ते कार्डच सांगतं. त्याच्या मेमरीच्या एका कोपऱ्यात त्याची ओळख नोंदवलेली असते: कोणी बनवलं, काय काम करतं, वीज किती लागते. प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीलाच ती किती लांब आहे हे लिहिलेलं असतं. त्यामुळे एखादी नोंद संगणकाला समजली नाही, तरी तेवढी जागा ओलांडून तो पुढची वाचू शकतो.

पुढे वेग वाढत गेला. १९९५ मध्ये त्याच आकाराचं, पण एका वेळी ३२ बिट माहिती नेणारं कार्डबस आलं. २००३ मध्ये एक्स्प्रेसकार्ड आलं, त्यात पिना ६८ वरून २६ वर आल्या. तोवर यूएसबीने निम्मं काम हिरावून घेतलं होतं. २००९ मध्ये ती संघटनाही विसर्जित झाली. ‘कार्ड’ हे नाव तेवढं उरलं: आपल्याकडे पेनड्राइव्हसारख्या इंटरनेटच्या कांडीलाही लोक ‘डेटा कार्ड’च म्हणत राहिले.

क्रमाची युक्ती मात्र टिकली. घरातला एखादा जुना पेनड्राइव्ह काढा आणि प्लगच्या तोंडात पाहा. चार सोनेरी पट्ट्या दिसतील. बाहेरच्या दोन, विजेची आणि ग्राउंडची, कडेच्या जास्त जवळ येतात. आतल्या दोन, माहितीच्या, थोड्या मागे थांबतात.

मला खंत वाटते ती वेगळीच. आजच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी (साठवणुकीचं कार्ड) किंवा वाय-फायचं कार्ड बदलायचं तर पुन्हा यंत्र बंद करून स्क्रू खोलावे लागतात, आणि कित्येक लॅपटॉपमध्ये ते थेट बोर्डावरच डकवलेलं असतं. बाहेरून हात घालता येईल अशी खाच ही मालकाच्या हक्काची जागा होती. अमेरिकेतल्या फ्रेमवर्क या कंपनीने २०२१ मध्ये ती एका परीने परत आणली. त्यांच्या लॅपटॉपच्या कडांना चौकोनी खोबणी आहेत. त्यांत एचडीएमआयची, मेमरी कार्डची किंवा जादा साठवणुकीची छोटी कार्डं हाताने सरकवता येतात. अशा प्रत्येक कार्डाच्या टोकाला टाइप-सी प्लग असतो, आणि त्यातही विजेच्या आणि ग्राउंडच्या पट्ट्याच आधी टेकतात.