धुतलेली मोटार ओरखडे न पाडता कोरडी करणे

मोटार धुऊन झाल्यावर पत्र्यावर उरलेले पाणी, रंगाला इजा न करता, काढून टाकण्याची रीत. काम दहा-पंधरा मिनिटांचे असते आणि बहुतेक ठिकाणी ते उरकून टाकले जाते. नव्या गाडीची झळाळी वर्ष-दोन वर्षांत उतरली की दोष उन्हाला किंवा कंपनीच्या रंगाला दिला जातो. प्रत्यक्षात रंग मंदावतो तो बहुतांशी रोजच्या पुसण्याने.

आजच्या मोटारीच्या पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, मग प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट हा पारदर्शक थर असतो. सगळे मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरते; त्यात क्लिअर कोटचा वाटा बहुधा 35 ते 50 मायक्रॉनचा. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. म्हणजे चकाकी देणारा आणि उन्हातील अतिनील किरणांपासून खालचा रंग जपणारा थर केसापेक्षाही पातळ आहे. पुसताना पडणारे ओरखडे याच थरात असतात. ते नखाला लागत नाहीत, सावलीत दिसतही नाहीत. भर उन्हात किंवा रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली मात्र बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटते. डिटेलिंगवाले, म्हणजे गाड्यांची बारकाईने सफाई आणि पॉलिश करणारे, तिला स्वर्ल मार्क म्हणतात.

ही नक्षी गोल दिसते म्हणून फडके गोल फिरवल्यामुळेच ती पडते, असा समज आहे. खरे तर चरे सगळ्या दिशांना असतात. त्यांतले जे दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती आडवे येतात तेवढेच डोळ्यांकडे उजेड फेकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळे दिसतात. हात सरळ रेषेत फिरवला तरी फडक्यात खडा असेल तर चरा पडणारच. पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांवरही चरे तितकेच पडतात, फक्त डोळ्यांना कमी दिसतात. काळ्या आणि गडद निळ्या रंगावर काहीच लपत नाही.

चरा पाडते ती धूळ. कठिणतेच्या 1 ते 10 अशा मोह्‌स मापनात क्वॉर्ट्‌झ, म्हणजे साध्या वाळूचा कण, 7 वर येतो. देशावरचा बेसॉल्ट ज्या खनिजांचा बनलेला आहे ती साधारण 5 ते 6.5 च्या घरात आहेत. कोकण-गोव्यातल्या जांभ्याच्या तांबड्या धुळीतही लोहाची कठीण खनिजे असतात. क्लिअर कोट हा शेवटी एक प्लास्टिकचा थर, या सगळ्यांपुढे मऊच. त्यामुळे सारा प्रश्न फडके आणि रंग यांच्यामध्ये कण सापडण्याचा आहे. फडके कितीही मऊ असले, तरी कण असताना ते दाबून फिरवणे म्हणजे पत्र्यावर बारीक पॉलिशपेपर चालवणे होय.

मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये पहाटे गाड्या पुसण्याची जी पद्धत आहे, ती या दृष्टीने सर्वांत घातक ठरते. एक बादली, एक फडके आणि ओळीने उभ्या आठ-दहा गाड्या. पहिल्या गाडीच्या दारांखालची माती तिसऱ्या गाडीच्या बॉनेटवर जाते. तिसऱ्या-चौथ्या गाडीपर्यंत बादलीतले पाणी गढूळ झालेले असते. पुसणाऱ्याला यात दोष देता येणार नाही. त्याला मिळणारा वेळ, पाणी आणि पैसा एवढ्यातच बसतो. पण रोज सकाळी ओल्या फडक्याने धूळ पुसण्यापेक्षा धूळ तशीच राहू देऊन आठवड्यातून एकदा भरपूर पाण्याने गाडी धुणे रंगाच्या हिताचे आहे. रोज पुसून घ्यायचीच असेल तर काचा, आरसे आणि दिवे पुसायला सांगावेत आणि पत्रा सोडून द्यायला सांगावे. आपल्या गाडीपुरते फडके आपणच द्यावे.

पाणी टिपण्यासाठी पूर्वी शॅमॉय चामडे वापरत. नाव युरोपातल्या डोंगराळ भागातील शॅमॉय या शेळीवर्गीय प्राण्यावरून आले. नंतर ते मेंढीच्या कातड्यापासून, माशाच्या तेलात कमावून बनू लागले. त्याच्या जागी आलेला पिवळा किंवा निळा कृत्रिम शॅमॉय पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा असतो आणि आजही ॲक्सेसरीजच्या दुकानात नळकांड्यात मिळतो. दोन्ही पाणी झपाट्याने शोषतात, पण दोन्हींचा पृष्ठभाग सपाट आहे. कण शिरून बसायला तंतूंमध्ये खोली नसल्याने तो रंगावरच घासत राहतो. पाणी ओढायच्या रबरी किंवा सिलिकॉनच्या पट्टीचेही तेच. काचेसाठी ती उत्तम, पत्र्यावर नको. पेट्रोल पंपावर आणि सिग्नलला मिळणारे पिवळे सुती फडके गाडीच्या आत डॅशबोर्डपुरते ठीक.

मायक्रोफायबरचा टॉवेल या सगळ्यांपेक्षा वेगळा आहे. अतिसूक्ष्म तंतूंचे हे तंत्र जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी विकसित केले आणि 1970 मध्ये त्यापासून कृत्रिम सुएड, म्हणजे मखमली चामड्यासारखे कापड, तयार झाले. मोटारीच्या टॉवेलमध्ये पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड यांचे मिश्रण असते, बहुधा 80:20 किंवा 70:30. तंतू 1 डेनियरपेक्षा बारीक, म्हणजे 9,000 मीटर लांबीच्या तंतूचे वजन 1 ग्रॅमहून कमी. अशा असंख्य तंतूंमधल्या फटींत पाणी आपोआप ओढले जाते आणि चुकून राहिलेला कण रंगापासून दूर, लवेच्या तळाशी जातो. पिळदार फासांच्या लवेचा, 60 × 90 सेंमी.च्या आसपासचा जाड टॉवेल एक गाडी पुसायला सहसा पुरतो. विकत घेताना कडेची शिवण मऊ आहे ना ते पाहावे आणि लेबल कापून टाकावे. लेबलच्या कडक कोपऱ्याने पडलेला चरा आणि वाळूने पडलेला चरा यांत फरक करता येत नाही.

प्रत्यक्ष पुसण्याआधी पाणी जेवढे आपल्या पायांनी जाईल तेवढे जाऊ द्यावे, ही या कामातली मुख्य गोष्ट. शेवटच्या धुण्यात पाइपचे नोझल काढून, धार मंद ठेवून, ती छतावरून सावकाश सोडली तर पाण्याचा सलग पडदा खाली सरकतो आणि सुटे थेंब आपल्याबरोबर ओढून नेतो. चांगले मेण लावलेल्या गाडीवर एवढ्यानेच बहुतेक पाणी निघून जाते. नंतर टॉवेल पूर्ण उलगडून छतावर पसरावा, दोन कोपरे धरून आपल्याकडे अलगद ओढावा. दाब फक्त टॉवेलच्या वजनाचा असावा, तळहात वर ठेवू नये. छत, काचा, बॉनेट, डिकी, मग दारांचा वरचा भाग असे वरून खाली यावे. उभ्या पत्र्यावर टॉवेल टेकवून टिपावे. चाकांजवळचा आणि दारांखालचा पट्टा सर्वांत मळका असतो, त्याला दुसरा टॉवेल लागतो. टॉवेल अडकल्यासारखा वाटला तर तिथे पाण्याबरोबर थोडा स्प्रे वॅक्स मारतात. त्याने घर्षण कमी होते. आणि पुसताना टॉवेलवर मळाची रेघ उमटली, तर गाडी नीट धुतली गेलेली नाही. अशा वेळी पुसणे थांबवून तो भाग पुन्हा धुवावा.

आरशांच्या खोबणी, ग्रिल, नंबर प्लेट, दारांच्या मुठी आणि मागचे दिवे यांत लपलेले पाणी अर्ध्या तासानेही ओघळते. त्यासाठी हवेचा ब्लोअर उत्तम, कारण हवा रंगाला घासत नाही. गाडी पळवून पाणी उडवावे म्हटले तर रस्त्यावरची धूळ ओल्या पत्र्यावर चिकटते. ब्रेकसाठी मात्र गाडी आवारातच हळू फिरवून दोन-चारदा ब्रेक दाबणे चांगले. धुतल्यावर डिस्कवर चढलेला तांबूस गंज त्याने निघून जातो.

मग गाडी उघड्यावर आपोआप वाळू का देऊ नये? कारण पाणी उडते आणि त्यातले क्षार मागे राहतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 मिलिग्रॅम आहे. अनेक गावांतल्या आणि सोसायट्यांतल्या बोअरचे पाणी इष्ट मर्यादेच्या वर जाते. थेंब वाळला की कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचे पांढरे कडे उरते. उन्हात तापलेल्या बॉनेटवर ते मिनिटांत तयार होते आणि बरेच दिवस राहिले तर क्लिअर कोट खाऊ लागते. ताजे डाग समभाग पाणी मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने विरघळतात. लगेच साध्या पाण्याने धुवावे लागते. जुने डाग पॉलिश केल्याशिवाय जात नाहीत.

इथे घरोघरी होणाऱ्या एका गोष्टीबद्दल सांगायला हवे. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून बादलीत साठवून त्याने गाडी धुतली जाते. हेतू चांगलाच आहे. पण यंत्राने पिण्याच्या पाण्यातून काढलेले क्षार याच पाण्यात येतात, त्यामुळे ते नळाच्या पाण्याहून अधिक क्षारयुक्त असते. सुरुवातीची माती भिजवायला आणि चाकांना ते चालेल. शेवटचे धुणे मात्र नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने करावे आणि गाडी सावलीत असावी.

सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवला जाणारा पारदर्शक संरक्षक लेप. त्याने पाणी लवकर ओघळते आणि पुसणे कमी होते, हा त्याचा खरा फायदा. त्याच्या जाहिरातीतला ‘9एच’ हा आकडा पेन्सिलीच्या शिशाच्या कठीणपणाच्या चाचणीतला आहे. मोह्‌स मापनातल्या 9 शी त्याचा संबंध नाही, त्यामुळे वाळूचा कण कोटिंगवरही चरा पाडतो. पडलेले चरे घालवण्यासाठी गॅरेजमध्ये रबिंग-पॉलिश करतात, म्हणजे चऱ्याच्या तळापर्यंतचा क्लिअर कोट घासून काढतात. थर मर्यादित असल्याने हे पुन्हा पुन्हा करता येत नाही. मॅट, म्हणजे चकाकी नसलेल्या, रंगावर तर तेही करता येत नाही, कारण घासलेली जागा चमकू लागते.

मायक्रोफायबर टॉवेल सुती कपड्यांबरोबर धुऊ नयेत; त्यांची लव तंतूंत अडकते. सौम्य द्रव साबण आणि कोमट पाणी पुरते. फॅब्रिक सॉफ्टनर तंतूंवर बसतो आणि टॉवेल पाणी धरेनासा होतो. धुळीपासून दूर वाळवून बंद डब्यात ठेवावेत. जमिनीवर पडलेला टॉवेल धुतल्याशिवाय पत्र्याला लावू नये. लव बसलेला जुना टॉवेल दारांच्या आतल्या कडांसाठी घ्यावा, नंतर चाकांसाठी, शेवटी इंजिनासाठी. चाकांना एकदा लावलेला टॉवेल कितीही स्वच्छ दिसला तरी पुन्हा पत्र्यावर आणू नये.