जखम भरायला नऊ दिवस जास्त का लागले?

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेत दरड कोसळून वाडीच्या वाडी गाडली गेली. तेव्हापासून आमच्याकडे एक वाक्य घरोघर ऐकू येतं. कुणी कलमांवरच्या कर्जाचं बोलायला लागलं, कुणी मुलीचं जमलेलं लग्न मोडल्याचं सांगितलं, की समोरचं माणूस म्हणतं, "अगो, तळियेत माणसं गेली. तुझं काय घेऊन बसलीस!" २०२३ च्या जुलैत इरशाळवाडी झाली आणि वाक्यातलं गावाचं नाव तेवढं बदललं.

आमच्या शेजारच्या वाडीत एक वहिनी आहेत. नवरा मुंबईला नोकरीत, मुलगा पुण्याला, आणि घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन-तीन तासांनी त्यांची कूस बदलायची. पेज पातळ करून चमच्याने भरवायची, एक घोट घशाखाली उतरलाय हे बघून मगच पुढचा. लघवीची पिशवी रिकामी करायची. रात्री हाक आली की उठायचं. सासूबाई कधी ओळखतात, कधी "तू कोण गो?" असं विचारतात. मी वहिनींना त्यांच्या स्वतःच्या तब्येतीचं विचारलं तर म्हणाल्या, "माझं काय हो! लोकांची घरं वाहून गेली, माझ्या डोक्यावर छप्पर तरी आहे."

हे त्या मनापासून बोलल्या. पण त्यांच्या शरीराला हे पटलेलं असतं का? याचं बऱ्यापैकी चांगलं उत्तर विज्ञानाकडे आहे आणि ते आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही.

१९९५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी साधा प्रयोग केला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची घरी शुश्रूषा करणाऱ्या १३ बायका घेतल्या. त्यांच्याच वयाच्या, साधारण तेवढ्याच उत्पन्नाच्या, पण अशी जबाबदारी नसलेल्या आणखी १३ घेतल्या. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी छोटी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. जखम भरली हे ठरवायचं कसं? फोटो काढायचे आणि वर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून बघायचं. गुडघा फुटल्यावर हे औषध लावलं की पांढरा फेस येतो, तो उघड्या पडलेल्या पेशींमधल्या कॅटॅलेज नावाच्या विकरामुळे. कातडी पूर्ण जुळून आली की फेस येत नाही. जबाबदारी नसलेल्या बायकांमध्ये फेस थांबायला सरासरी ३९.३ दिवस लागले, शुश्रूषा करणाऱ्यांमध्ये ४८.७. म्हणजे नऊ दिवसांहून जास्त फरक.

त्या काळात जगात युद्धं चालू होती, दुष्काळ होते. त्या १३ जणींनाही ते ठाऊक असणार. तरी त्यांच्या जखमा लवकर भरल्या नाहीत.

शुश्रूषा हे मोठंच दुःख आहे, असं कुणी म्हणेल. तर मग १९९८ चा प्रयोग बघा. याच गटाने दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूला तशीच बारीक जखम केली, एकदा उन्हाळी सुट्टीत आणि एकदा सत्रातल्या पहिल्या मोठ्या परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेच्या वेळी जखम भरायला सरासरी ४० टक्के जास्त वेळ लागला. एकाही विद्यार्थ्याची जखम सुट्टीतल्या इतक्या लवकर भरली नाही. परीक्षा! जिला आपण दुःखात धरतही नाही. दोन्ही प्रयोग लहान आहेत हे खरं, पण दोन्हींचा कौल एकाच बाजूला जातो.

हे होतं कसं, तो भाग मला सगळ्यात आवडतो. मेंदूच्या तळाशी अधश्चेतक (हायपोथॅलॅमस) असतो. धोका जाणवला की तो सीआरएच नावाचं संप्रेरक सोडतो. ते अगदी जवळच्या रक्तवाहिन्यांतून पीयूषिका ग्रंथीत पोचतं. पीयूषिका रक्तात एसीटीएच हे दुसरं संप्रेरक सोडते, आणि त्या निरोपावर मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कोलेस्टेरॉलपासून कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक बनवतात. रक्तातलं कॉर्टिसॉल सर्वांत वर जायला वीस-तीस मिनिटं लागतात. मग तेच कॉर्टिसॉल मेंदूत परत जाऊन अधश्चेतकाला आणि पीयूषिकेला थांबवतं. पाण्याच्या टाकीतला फ्लोट वर आला की नळ बंद होतो, तसं.

कॉर्टिसॉलला ओळखून धरणारे पेशींमधले रेणू, म्हणजे ग्राहक, मेंदूत दोन प्रकारचे आहेत. पहिल्या प्रकारचे कॉर्टिसॉलला फार घट्ट धरतात, त्यामुळे शांत वेळी असलेल्या थोड्याशा कॉर्टिसॉलनेही ते बहुतेक भरलेले असतात. दुसऱ्या प्रकारचे सैल धरतात. कॉर्टिसॉल खूप वाढलं, सकाळी उठल्यानंतर किंवा ताण आल्यावर, तरच ते भरतात आणि "आता पुरे" हा निरोप मुख्यतः त्यांच्यामार्फत जातो. ताण रोजचाच झाला, रात्रीची झोपही तुटत राहिली, तर हा बंद होण्याचा निरोप नीट काम करेनासा होतो आणि कॉर्टिसॉलची दिवसाची चढ-उतार बिघडते. कॉर्टिसॉल पेशीत शिरून, ग्राहकाला चिकटून, थेट केंद्रकात जातं आणि काही जनुकांचं काम कमी करतं. त्यांत इंटरल्युकिन-१ बनवणारं जनुक आहे. जखम झाल्यावर पांढऱ्या पेशींना तिकडे बोलावणाऱ्या रेणूंपैकी हा एक महत्त्वाचा. तो कमी पडला की साफसफाई उशिरा सुरू होते, आणि साफसफाईशिवाय नवी कातडी धरत नाही. वरच्या दोन्ही प्रयोगांत ताणाखालच्या माणसांमध्ये इंटरल्युकिन-१ बनण्याचं प्रमाण खरोखरच कमी दिसलं होतं. परीक्षेच्या वेळी तर ते बनवायला सांगणारा जनुकीय निरोप ६८ टक्क्यांनी घटला होता.

या अख्ख्या साखळीत तळिये, युक्रेन किंवा गाझा कुठे येतं ते शोधून पाहा. बातमी बघून वाईट वाटलं तर आपलं स्वतःचं कॉर्टिसॉल वाढू शकतं, पण तिथल्या माणसाचं दुःख आपल्या दुःखातून वजा करणारी सोय या यंत्रणेत नाही.

मग ही यंत्रणा मोजते काय? २००४ साली सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी प्रयोगशाळेतले २०८ अभ्यास एकत्र करून पाहिले. कॉर्टिसॉल सर्वांत जास्त कधी वाढतं? दोन गोष्टी एकत्र आल्या की: परिस्थिती आपल्या हाताबाहेर असणं, आणि कुणीतरी आपल्याला जोखत असणं. अशा प्रयोगांत एक ठरलेली पद्धत आहे. निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांपुढे भाषण करायचं आणि मग १०२२ मधून १३ वजा करत मागे यायचं, चुकलं की पुन्हा १०२२ पासून. इजा कसलीच नाही, तरी बहुतेकांचं कॉर्टिसॉल चांगलंच वाढतं.

आता हे आपल्या वाड्यांकडे वळवून बघा. थ्रिप्स किडीने आंब्याचा मोहोर गेला, बँकेचा हप्ता थकला, हे हाताबाहेरचं. वर चारचौघांत "याला जमलं नाही" हा शिक्का. म्हणजे दोन्ही गोष्टी हजर. आणि "लोकांचं बघ, तुझं काय एवढं!" हे वाक्य काय करतं? ते दुःख सांगणाऱ्यालाच जोखतं. दिलासा द्यायला बोललेलं वाक्य ताणाचा दुसरा घटक स्वतःच आणून ठेवतं. हे शेवटचं अनुमान माझं आहे, पण मला ते पक्कं वाटतं.

तुलनेने कधीच बरं वाटत नाही असं मात्र नाही. १९८५ साली स्तनाच्या कर्करोगातून जाणाऱ्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या गेल्या, तेव्हा बहुतेकजणी आपणहून आपल्यापेक्षा जास्त त्रासात असलेल्यांशी तुलना करत होत्या आणि त्यातून धीर घेत होत्या. वहिनींचं छपराचं वाक्यही असंच असेल, तर त्यांच्याकडून ते काढून घेऊ नये. पण तेच दुसऱ्याने तोंडावर मारलं की माणूस गप्प होतो, आणि गप्प होण्याची किंमत मोजलेली आहे. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी १९९७ मध्ये १८० स्त्रियांना चित्रफिती दाखवल्या आणि काहींना चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही असं सांगितलं. दुःखी प्रसंग बघताना चेहरा कोरा ठेवणाऱ्यांचं दुःख कमी झालं नाही, हृदय आणि रक्तवाहिन्यांवरचा ताण मात्र वाढला.

दुःखांची तुलना करायची एक जागा आहे आणि तिथे ती केलीच पाहिजे. पुरानंतर पंचनामे होतात, ताडपत्री आधी कुणाला, धान्य आधी कुणाला हे ठरतं. तिथे ज्याचं घर गेलं तो पहिला. साधनं मोजकी आहेत म्हणून रांग लागते. ऐकून घेण्याला अशी रांग कशाला हवी? वहिनींचं दहा मिनिटं ऐकल्याने तळियेच्या कुणाची ताडपत्री कमी झाली नसती.

गप्प बसवलेलं माणूस कुठे जातं हेही आपण बघतो. झोप नाही, अंग दुखतं, जखम चिघळते, की कुणीतरी करणी सुचवतं आणि भगताकडे नारळ आणि पैसे जातात. शिकलेल्या घरांत मोबाइलवरून कॉर्टिसॉल उतरवणारी पावडर मागवली जाते. करणीला पुरावा नाही, आणि शुश्रूषेचा ताण पावडरने उतरत नाही. चिघळलेल्या जखमेसाठी आधी साखर तपासून घ्यावी, कारण मधुमेह हे त्याचं फार नेहमीचं कारण आहे.

वहिनींसारख्यांना लागते ती सलग झोप आणि हातातून थोडा वेळ काम सुटणं. गणपतीला आणि शिमग्याला घर भरतं तेव्हा आईजवळच्या रात्रीच्या पाळ्या मुंबईकर मुलांनी आणि लेकींनी वाटून घ्याव्यात, आणि हे त्यांच्याकडे स्पष्ट मागावं. रडू थांबत नसेल, जेवण जात नसेल, तर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. फोनला पैसे पडत नाहीत, रात्रीही उचलतात आणि मराठीत बोलता येतं.