कात टाकणारा खेकडा

खाडीच्या चिखलात राहणाऱ्या चिंबोरीच्या अंगात एकही हाड नसते. तिचे स्नायू आतून थेट कवचालाच जोडलेले असतात. त्यामुळे हे कवच ढालीचे काम तर करतेच, शिवाय सांगाड्याचेही करते, आणि नांगीने शिंपला फोडण्याइतका जोर तिला त्याच्याच आधारावर लावता येतो.

कवचाचा पाया असतो कायटिनचा. शर्करेसारख्या घटकांच्या लांब साखळ्यांनी बनलेला हा पदार्थ आंरी ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८११ साली प्रथम अळंबीतून वेगळा केला. नुसते कायटिन लवचीक असते. खेकडा त्याच्या तंतूंभोवती प्रथिनांचे वेष्टन चढवतो आणि मधल्या जागेत कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीचाच पदार्थ, भरतो. कीटक मात्र बहुतेक वेळा चुन्याच्या वाटेला जात नाहीत, तर प्रथिने एकमेकांत घट्ट बांधून कवच टणक करतात. उडणाऱ्या जिवाला चुन्याचे ओझे परवडलेही नसते.

पण चुनखडी ठिसूळ असते, मग खेकड्याचे कवच सहजासहजी का तडकत नाही? खरी करामत मांडणीत आहे. तंतूंचे अतिशय पातळ थर एकावर एक रचलेले असून प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा वळलेला असतो, जणू गोल जिन्याच्या पायऱ्याच. तडा पुढे सरकू लागला की त्याला प्रत्येक थरापाशी दिशा बदलावी लागते आणि त्यातच आघाताची बरीचशी ऊर्जा खर्ची पडते. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ ईव्ह बुलिगां यांच्या नावाने ही रचना ओळखली जाते.

एवढे मजबूत कवच वाढत मात्र नाही. शिंपल्यातील प्राणी कवचाच्या कडेला नवा थर जोडत राहतो, त्यामुळे त्याला ते कधीच सोडावे लागत नाही. खेकड्याला ही सोय नाही. वाढायचे तर जुन्या कवचातील काही कॅल्शियम शोषून घ्यायचे, आत मऊ नवे कवच तयार करायचे, पाणी घेऊन अंग फुगवायचे आणि मागच्या बाजूला उघडलेल्या फटीतून उलटे बाहेर यायचे. या वेळी पायांचेच नव्हे, तर डोळ्यांचे, कल्ल्यांचे आणि जठराच्या आतले अस्तरही निघून येते. नवे कवच टणक होईपर्यंत खेकडा बिळात किंवा आडोशाला दडून राहतो. निळ्या खेकड्यावरील संशोधनातून दिसले आहे, की या मऊ अवस्थेत शरीरातील द्रवाचा दाबच स्नायूंना आधार देतो. चिखलातील चिंबोऱ्यांचे मीलनही सहसा मादीने कात टाकल्यावरच होते. नर तिला आधीपासूनच धरून ठेवतो आणि नंतरही काही काळ तिची राखण करतो.

कात टाकल्यानंतर मोठ्या झालेल्या कवचात मांस भरायला वेळ लागतो, तोवर आत पाणीच जास्त असते. बाजारात पोकळ निघणारी चिंबोरी बहुधा अशीच असते. म्हणून विकत घेताना जाणकार तिची पोटाकडची बाजू अंगठ्याने दाबून पाहतात आणि ती दबली तर दुसरी निवडतात.